'लेडन'चा अर्थ

बारामतीच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. गेल्या हिवाळ्यात एका धड्यात 'लेडन' हा शब्द आला. मी फळ्यावर लिहिलं, 'ओझ्याने दबलेला', आणि दुःखाची, काळजीची दोन उदाहरणं दिली.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, उसानं भरलेली ट्रॉली लेडन असती का?"

"असते की."

"मग आमची पेरूची झाडं? फांद्या पार वाकल्यात, पर आई तर खूश हाय!"

वर्ग हसला. "सोमवारी सांगते," म्हणून वेळ मारून नेली. घरी शब्दकोश उघडला, तर फळांनी लगडलेलं झाड आणि अपराधानं खचलेला माणूस, दोघांनाही हाच शब्द! इतकी वर्षं मी तो निम्माच शिकवत होते.

रविवारी पळसदेवला आईकडं गेले. निघताना तिनं पिशव्या भरायला घेतल्या. वांगी, शेवगा, डाळिंबं आणि तळलेल्या माशांचा डबा.

"आई, बास! मला एसटीनं जायचंय."

"मग? वझं एसटी वाहती. तुला काय चालत जायचंय?"

भिगवणला गाडी बदलताना एका पिशवीचा बंद तुटला आणि डाळिंबं स्टँडभर पळाली. लोक धावले. त्यात ओढणीत डाळिंबं गोळा करत एक मुलगी आली. माझीच विद्यार्थिनी, पेरूवाली! मागं तिची आई.

"मॅडम, यू आर लेडन!" ती ओरडली.

मला इतकं हसू आलं की उरलेल्या दोन पिशव्याही सुटणार होत्या.

तिच्या आईनं रुमालानं बंद बांधून दिला. "माहेरावनं आलाय व्हय? मग जड लागत नसंल."

"लागतंय की! हात तुटायची वेळ आलीय."

बसमध्ये तिघी एका बाकावर बसलो, मांडीवर एकेक पिशवी. एक डाळिंब फोडून बारामतीपर्यंत पुरवलं.

सोमवारी फळ्यावर नवा अर्थ लिहिला: 'भरपूर लादलेला. कशानं, ते बघून बरं की वाईट ठरवावं.' मग सगळ्यांना एकेक वाक्य करायला सांगितलं. पेरूवालीनं माझ्यावरच केलं. 'पॉमिग्रॅनेट'चं स्पेलिंग चुकलं होतं, तेवढं दुरुस्त केलं.