एका कार्डापाशी बंद पडणारा कॉम्प्युटर

मंडळी, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे-धुपारे, गंडेदोरे सगळं घराबाहेर काढलं. कुणी दारात लिंबू टाकून गेलं, तर माझे वडील ते धुऊन त्याचं सरबत करून प्यायचे! त्यामुळं इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. आज स्वतःचा लिहितेय, कारण घरात सांगावं असं कुणी उरलेलं नाही.

शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात, घराच्याच पुढच्या खोलीत आमचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, फुटबॉल मॅचची हँडबिलं. कॉम्प्युटर माझ्या नवऱ्यानं — मिलिंदनं — स्वतः पार्ट आणून जोडलेला, शहाण्णव साली. त्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी तो “कागद घेऊन येतो, भात झाकून ठेव” म्हणून बाहेर पडला... तो आलाच नाही. स्कूटर एसटी स्टँडवर सापडली, हँडल लॉक केलेली. भांडण नाही, तंटा नाही, चिठ्ठी नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, मिरज-सांगलीचे दवाखाने पालथे घातले. काही कळलं नाही.

पोरबाळ नव्हतं. मग मीच टायपिंग शिकले आणि दुकान चालवायला घेतलं. गिऱ्हाईक नसलं की दुपारभर मी आणि त्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. खोटं कशाला बोलू, मला त्या आवाजाची सोबत वाटायची.

दोन हजार चार साल. सासूबाई खंगत चालल्या होत्या. एक दिवस जेवता जेवता ताट बाजूला सारून म्हणाल्या, “सुजाता, सात वर्सं झाली. माझ्या डोळ्यादेखत त्याचं पुण्यानुमोदन करा. आई हाय मी त्याची. मला बी कुठंतरी टेकू दे की!”

आमच्यात माणूस गेला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात आणि कार्डावर त्याच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात. दुसऱ्यांच्या माणसांसाठी हा शब्द मी इतक्यांदा टाईप केलाय की बोटं आपोआप चालतात. मी हो म्हणाले. नाही म्हणायला माझ्या हातात होतं तरी काय?

आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बिघडला. चालता चालता खट्कन बंद, आपोआप पुन्हा सुरू. कधी कधी तर सुरूच होईना. पंखा फिरतोय, मॉनिटर काळाठिक्कर. तासाभरानं बटण दाबलं की शहाण्यासारखा चालू!

राजारामपुरीतनं सलीमभाऊंना बोलावलं. हे मिलिंदचे जिगरी दोस्त, हार्डवेअरचं काम करायचे. आले, कॅबिनेट उघडलं, रॅम काढून खोडरबरानं घासली. दोन दिवस ठीक, परत खट्. पॉवर सप्लाय बदलला. परत खट्. फॉरमॅट मारला, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, एकेक करत आतलं सगळंच बदललं, अर्थिंग तपासलं. शेवटी उचलून स्वतःच्या दुकानात नेला, तर तिथं दिवसभर एकदासुद्धा बंद पडला नाही!

“वैनी, ह्याला तुमच्या घरातच नाटकं सुचत्यात बगा,” ते वैतागून म्हणाले. “बंद पडतो तवा तुम्ही काय करत असता?”

“लग्नपत्रिका,” मी म्हणाले.

धडधडीत खोटं. पण मिलिंदचं मरणाचं कार्ड करतेय हे त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? कधीतरी तो दारात उभा राहील असं मानणारे आम्ही दोघंच तर उरलो होतो.

ते गेल्यावर मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते कार्ड मी एका बैठकीत करतच नव्हते. मन धजायचं नाही. दोन गिऱ्हाइकांच्या मधे फाईल उघडायची, एखादी ओळ करायची, मिटवायची. म्हणून बंद पडणं अवचित वाटत होतं. ते अवचित नव्हतं!

दार लोटून घेतलं. नवी कोरी फाईल उघडली, फोटो-बिटो काही नाही. दुसऱ्याच एका गेलेल्या माणसाचं नाव टाईप केलं, कालकथित लावून. काही झालं नाही. मग ‘कालकथित मिलिंद’ लिहिलं.

खट्.

दुसऱ्या दिवशी सलीमभाऊंना बोलावून खरं काय ते सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतः दोन बोटांनी ते नाव टाईप केलं. खट्! त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला.

“वैनी, आतला त्याचा एक बी पार्ट ऱ्हायला न्हाय. डबडं तेवढं त्याचं हाय. मला काय कळंना झालंय.” डोळे पुसत उठले. “पर तुम्ही हे कार्ड करू नगासा.”

कार्ड राहिलं. सासूबाई रोज विचारायच्या, मी रोज सांगायची कॉम्प्युटर बिघडलाय. वेगळे राहणारे माझे दीर म्हणाले, “वैनी, दुसरीकडं छापू की.” मी फाडकन म्हणाले, “घरात दुकान असून परक्याच्या दारात जायचं? पेठ शेण घालंल तोंडात!” सासूबाईंचा जीव टांगणीला लागलाय हे मला दिसत होतं. वाईट वाटायचं. पण माझ्याकडे आता काहीतरी होतं हो! दुपारी सामसूम झाली की मी तेच ‘कालकथित मिलिंद’ टाईप करायची. खट् झालं की हात जोडावेत असं वाटायचं. आहे. कुठंतरी आहे. मग भाकरी गोड लागायची. खरं सांगते... त्याआधीच्या वर्षांत मला असा एकही दिवस मिळाला नव्हता.

पावसाळा संपला, दिवाळी झाली. एका दुपारी, बाहेर पोरं बॉल बडवत होती, भिंतीवर धपाधप आवाज येत होता, मी नेहमीसारखं टाईप केलं. कालकथित मिलिंद.

काही झालं नाही.

पंखा फिरतोय. अक्षरं तशीच. पुढं कर्सर लुकलुकतोय. मी पुसून परत लिहिलं. परत लिहिलं. कॅबिनेटवर थाप मारली, “अरे बंद पड की!” म्हणून ओरडले. बोळातली पोरं खिडकीत येऊन बघायला लागली. कॉम्प्युटर चालूच.

संध्याकाळपर्यंत मी तशीच बसून होते. मग कार्ड पुरं केलं. फोटो लावला, प्रिंट काढली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत वाचलं. निधनाची तारीख म्हणून मिलिंद घरातनं गेला ती घालायची असं ठरलं होतं. त्यांचं बोट तारखेपाशी थांबलं.

“अगं, ही तर आजची हाय.”

“व्हय आत्याबाई,” मी म्हणाले. “आजचीच.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कसं कळलं, कुणी सांगितलं, काही म्हणजे काही विचारलं नाही. मला जवळ ओढलं आणि आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र रडलो. सात वर्षं दोघी वेगवेगळ्या खोलीत रडत होतो.

कार्यक्रम झाला. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईही शांतपणे गेल्या. मिलिंदचं काय झालं, कुठं झालं, आजतागायत काही कळलेलं नाही. सलीमभाऊ म्हणतात, कुठंतरी लूज कॉन्टॅक्ट असेल, आपोआप बसला असेल. असेलही. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही.

दुकानात आता नवीन मशीन आहे, पण ते जुनं डबडं मी काढलेलं नाही. अजून कधी कधी दुपारी ते सुरू करते, त्याचं नाव टाईप करते आणि वाट बघत बसते. त्या दिवसानंतर ते एकदाही बंद पडलेलं नाही.