एका सेमिस्टरपुरती ऐपत

आमच्या कॉलेजनं युरोपातल्या एका विद्यापीठाशी करार केला, तेव्हा कराराचा फोटो प्राचार्यांच्या केबिनमध्ये आधी लागला आणि करारात काय आहे ते नंतर कळलं. फोटोत प्राचार्य आणि एक गोरे गृहस्थ एकमेकांचा हात धरून कॅमेऱ्याकडे बघत होते. मागे संस्थेचे सगळे संचालक वऱ्हाडासारखे उभे होते. करार इतकाच होता, की दर वर्षी आमच्याकडच्या एका विद्यार्थ्यानं तिकडे एक सेमिस्टर शिकायचं. तिथली फी माफ. विमान, राहणं, जेवण, विमा आणि थंडीचे कपडे ज्याचं त्यानं बघायचं. संस्थेनं आपल्या वाट्याला पुष्पगुच्छ ठेवला होता.

ही दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. निवड यादीत माझा नंबर चौथा होता. पहिल्या तिघांनी खर्चाचा आकडा ऐकला आणि एकेकाच्या घरी अडचण निघाली. अशा रीतीनं मी पहिली आले. माझा सत्कार झाला तो व्हिसाच्या आधीच, कारण संस्थेच्या अध्यक्षांना नंतर वेळ नव्हता. भाषणात ते मला 'जिल्ह्याची लेक' म्हणाले, आणि खाली उतरताना 'कुणाची आहे ही?' असं विचारते झाले.

शहरातल्या मस्तगड भागात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, भांड्यांचं दुकान होतं. अण्णांनी वकिलातीनं मागितलेल्या कागदांची यादी मला दोनदा वाचायला लावली. त्यात एक कलम होतं, की मुलीचा पाच महिन्यांचा खर्च घरचे लोक करू शकतात याचा पुरावा जोडावा. अडचण तिथंच होती. कारण गेली तीन वर्षं आम्ही कागदोपत्री गरीब होतो.

त्याचं असं, की फीची सवलत मिळवायला दर जूनमध्ये उत्पन्नाचा दाखला लागायचा. आमचं रेशनकार्ड गावाकडचंच होतं. गाव धावड्याच्या पलीकडे आहे, त्याचं नाव सांगण्यासारखं काही नाही. तिथं मोठे काका, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, सामाईक जमीन कसायचे. तिथले तलाठी दर वर्षी अण्णांचं उत्पन्न बावीस हजार लिहून द्यायचे. दुकान त्यात कधी आलंच नाही. अण्णा काही खोटं बोलणारे नव्हते. हंडा पितळेचा आहे की वरून नुसता मुलामा आहे, हे ते गिऱ्हाइकानं न विचारता सांगत. पण दाखला म्हणजे बोलणं नव्हे. कागदाचा धर्म वेगळा, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि आमच्या गल्लीत याबाबतीत सगळेच एका पंथाचे होते.

आम्ही गावाकडे गेलो. तलाठ्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते काकांच्या ओसरीवर चहा पीत बसले होते.

"भाऊसाहेब, यंदा दुसरा दाखला पाह्यजे," अण्णा म्हणाले.

"दुसरा म्हंजे?"

"ऐपतीचा."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "अहो, मागल्याच महिन्यात तर तुम्हाला गरीब करून दिलं मी."

"ते फीसाठी. हे वकिलातीसाठी."

"वकील कोन लावला रे?" काकांनी विचारलं.

"वकील न्हाई दादा, वकिलात."

"त्येच म्हंतो मी. किती घेऊन राह्यला त्यो?"

काकांना वकिलात समजावण्यात बराच वेळ गेला. मग पाच महिने समजावण्यात त्याहून जास्त गेला. "परतच यायचं, तर जायाचं कशाला?" ते मला म्हणाले. "जाफराबादच्या पाव्हण्याचा पोरगा दुबईला गेल्ता. आठ वर्सं न्हाई आला. त्याला म्हंत्यात परदेस. पाच महिन्यांत तर म्हईसबी आटत न्हाई."

भाऊसाहेबांनी तोपर्यंत मनाशी विचार केला होता. "हे बघा, उत्पन्न येगळं आन् ऐपत येगळी," ते म्हणाले. "जमीन हाय म्हणून ती पिकलीच पाह्यजे, असं कुठं लिव्हलंय? दोन्ही दाखले देतो. दोन्ही खरे."

मी पुढे अर्थशास्त्राची काही पुस्तकं वाचली. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं आढळलं नाही.

मग काका मालमत्ता सांगू लागले आणि भाऊसाहेब लिहू लागले. एरवी कुणीही कागद घेऊन दारात आलं, की ज्यांच्या तोंडून 'काही न्हाई हो आमच्याकडं' यापलीकडे शब्द निघत नसे, ते काका त्या दिवशी रंगात आले. जमीन झाली, बैलजोडी झाली, पत्र्याचा गोठा झाला, अकरा आंबे झाले. मग विहीर आली.

"तिच्यात पाणी न्हाई, दादा," अण्णा हळूच म्हणाले.

"इहीर हाय का न्हाई? पाण्याचं इचारलंय का त्यांनी?"

विहीर लिहिली गेली. विहीर आली म्हणून मोटर आली, आणि मोटर आली म्हणून जमीन बागायत झाली. बेरीज बावीस लाखांवर थांबली. भाऊसाहेबांचा बावीस या आकड्यावर जीव असावा. तो आकडा काकांनी भाऊसाहेबांकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. मग म्हणाले, "याची एक झेरॉक्स मला बी."

तालुक्याचा शिक्का बसल्यावर त्या झेरॉक्सला काकांनी फ्रेम केली आणि ती देवघराशेजारी टांगली. पाहुणे आले की ते मुद्दाम तिच्याखाली बसत. पुढे गारपिटीचे पंचनामे करायला माणसं आली, तेव्हा मी तिथंच होते. जीपचा आवाज ऐकताच काकू आतून आल्या, फ्रेम भिंतीकडे तोंड करून उलटी टांगली आणि पदर खोचून परत आत गेल्या. सवयीचं काम दिसलं.

आता या सगळ्यात खरे पैसे कुठं होते, हे सांगायला हवं. ते बावीस हजारांत नव्हते आणि बावीस लाखांतही नव्हते. ते भिशीत होते. आमच्या गल्लीतले वीस दुकानदार दर महिन्याला ठरलेले पैसे काढायचे आणि जमलेली सगळी रक्कम एक जण उचलायचा. ज्याला घाई तो बोली लावून, म्हणजे त्यातले काही पैसे सोडून, आधी उचलायचा. शेवटच्याला पूर्ण मिळायचे, म्हणून अण्णा कायम शेवटी. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्याच महिन्यात हात वर केला. आणखी दोघांनाही गरज होती. पण भिशी चालवणारे कापडवाले चाचा म्हणाले, "बच्ची पढने जा री, इसपे कौन बोली लगाता जी? ले लेव तुम." बाकीचे हात खाली आले. त्या भिशीला ना वही होती, ना पावती. सगळं चाचांच्या डोक्यात.

त्या पैशांतून अण्णांनी विमानाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. न गेल्यास पैसे परत मिळणार नाहीत, या अटीवर ते स्वस्त होतं. म्हणजे आता व्हिसा मिळाला नाही, तर माझं सेमिस्टर, अण्णांची भिशी आणि जिल्ह्याची लेक हे तिन्ही एकदम बुडणार होते.

मुंबईला जायच्या आधी अण्णांनी फाइल केली. "फाइल जाड पाह्यजे," ते म्हणाले. "पातळ फाइल पाह्यली की साहेबाला वाटतं, याच्या मागं कुणी न्हाई." त्यांनी दुकानाचा परवाना, विजेची बिलं, माझी लस टोचल्याची कार्डं आणि शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेचं प्रमाणपत्रही लावलं. लागतील तेवढ्या कागदांचं इंग्रजी मी केलं होतं. उरलेले मराठी कागद अण्णांनी माझ्या नकळत मागे जोडले. ज्यावर शिक्का आहे तो कागद वाया कसा घालवायचा?

वकिलातीत अण्णांना आत सोडलं नाही. ते समोरच्या फूटपाथवर दशम्यांची पिशवी घेऊन बसले. आत काचेपलीकडे माझ्या आईच्या वयाची एक मराठी बाई कागद तपासत होती. फाइल बघून तिनं सुस्कारा सोडला आणि एकेक पान उलटू लागली. माझं चित्रकलेचं प्रमाणपत्र तिनं निर्विकारपणे पार केलं. मग थांबली. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं, आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवून काचेला लावले.

"वार्षिक उत्पन्न बावीस हजार. ऐपत बावीस लाख. वडील एकच?"

"हो."

"तलाठीपण एकच. मग यातलं खरं कुठलं?"

भाऊसाहेबांचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. उत्पन्न वेगळं, ऐपत वेगळी. पण ते वाक्य ओसरीवरचं होतं, त्या काचेपुढे ते टिकलं नसतं. बावीस हजार खरे म्हणावे तर मी इथंच परत जाणार, आणि बावीस लाख खरे म्हणावे तर तीन वर्षांची फी कशी माफ झाली, याला उत्तर नव्हतं.

"दोन्ही नाहीत," मी म्हणाले.

"मग तिकडे खाणार काय तू?"

"भिशी उचललीय वडिलांनी." आणि मी तिला वीस दुकानदार, चाचा आणि खाली गेलेले दोन हात, सगळं सांगितलं. मागे रांगेतले लोक चुळबुळ करत होते.

"याचा कागद?"

"त्याचा कागद नसतो."

तिनं पेन खाली ठेवलं. "माझी आईपण भिशी लावायची," ती म्हणाली. "आम्हा तिघी बहिणींची कॉलेजं त्यातून झाली. पण मी भिशी फाइलला लावू कशी?" मग तिनं बावीस लाख परत फाइलमध्ये घातले, आणि बावीस हजार काचेखालून माझ्याकडे सरकवले. "न मागितलेला कागद आम्ही घेत नाही. हा घरी ठेव."

आतल्या गोऱ्या साहेबानं दोनच प्रश्न विचारले, काय शिकणार आणि परत कधी येणार. परतीची तारीख मी पाठ केल्यासारखी सांगितली. मी परत येणार या गोष्टीचा आनंद झालेला तो मला भेटलेला पहिला माणूस. आठ दिवसांनी पासपोर्ट न्यायला या, व्हिसा दिलाय, असं तो म्हणाला.

बाहेर आले तर अण्णा उठून उभे होते.

"झालं," मी म्हणाले.

त्यांनी आधी दशमीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली, मग पुन्हा पहिल्या. "काय इचारलं?"

"पैसे कुठून येणार ते."

"ऐपत दाखवली ना मंग?"

"भिशीचं सांगितलं."

अण्णांचा चेहरा उतरला. "खरं सांगितलं?"

"हो."

"आणि तरी दिला?" त्यांचा विश्वास बसेना. वकिलातीच्या फाटकाकडे त्यांनी पहिल्यांदाच संशयानं बघितलं. "फाइलला कोंता कागद लावून घेतला त्यांनी?"

"ऐपतीचा."

अण्णांना एकदम हायसं वाटलं. ते परत फूटपाथवर बसले आणि दशमी माझ्यापुढे केली.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "मला वाटलं, खऱ्यावरच दिला का काय."

मी बावीस हजारांचा दाखला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चार घड्या करून खिशात ठेवला. पुढच्या जूनमध्ये माझ्या धाकट्या भावालाही फीची सवलत मागायची होती.