आधी सांग, गाडी कोणाची

नानांनी उभ्या आयुष्यात एकाही नव्या गाडीला बरं म्हटलं नाही. हातखंब्याच्या तिठ्यावर माझी खानावळ आहे. तिच्या दारातल्या बाकावर आमच्या गावातले हे म्हातारे नाना बसलेले असत. कुणी नवी गाडी घेऊन हॉर्न वाजवत समोर थांबला, की ते गाडीकडे बघतच नसत. उतरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "कोनाची?"

समोरचा फुगून म्हणे, "माझीच की, नाना!"

"हप्ते फिटले?"

"आता तर सुरू झालेत."

"मग बँकेची हाय. बँकेला सांग, रंग चांगला हाय."

गणपतीला मुंबईहून पांढरीशुभ्र गाडी घेऊन आलेल्या चाकरमान्यांची तोंडं या एका वाक्यानं कशी उतरत, ते मी मासे तळता तळता बघायची. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? बॉनेटला टेकून फोटो काढणाऱ्या माणसाला जमिनीवर आणायला कुणीतरी लागतं, आणि आमच्या तिठ्यावर ते काम नानांकडे होतं.

नाना स्वतः जन्मभर ट्रक चालवत होते. चिऱ्यांच्या खाणीवर, आंब्याच्या पेट्यांवर, बंदरातल्या मासळीवर, जिथं भाडं असेल तिथं. पण एकही गाडी त्यांची नव्हती आणि एकाही गाडीला त्यांनी कधी 'माझी' म्हटलं नाही. जुन्या गोष्टी सांगतानासुद्धा, "शेटची गाडी आंबा घाटात बसली, मी उठवली," असं चोख बोलायचे. टायर फुटला तर तो शेटचा. घाट सुखरूप उतरला तर ते नानांचं. पगार वेळेवर घेऊन ते घरी येत आणि गाडीचा विचार गाडीतच ठेवून येत. म्हातारपणी त्यांना झोप इतकी छान लागायची की बाकावर बसल्या बसल्या घोरायचे.

नवी गाडी आली की आमच्याकडे ती आधी गावदेवीच्या दारात नेतात आणि गाऱ्हाणं घालतात. एकानं देवीला सगळी हकिकत सांगायची, राखण कर म्हणायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. गाड्यांची गाऱ्हाणी नानांकडे असत, कारण घाट, ब्रेक आणि रस्त्यावरची जनावरं देवीला नीट समजावून सांगायला ड्रायव्हरच लागतो, असं गावाचं मत. नानांची एक अट होती. देवीपुढे खोटं सांगायचं नाही. बँकेची गाडी असेल तर बँकेची म्हणूनच सांगणार. लोक कुरकुरायचे, पण नाना ऐकायचे नाहीत. "तिला काय समजत नाय काय? आपनच येड्यासारखा कशाला दिसायचा?"

माझा धाकटा भाऊ दिनेश. त्याचा एक छोटा टेम्पो होता. जुना, खडखडणारा, पण फिटलेला, त्याच्या स्वतःच्या नावावर. भाजी, बर्फ, लग्नाची भांडी, काय म्हणाल ते वाहायचा. दोन पोरं, बायको वैशाली, घर त्यावर चालत होतं. मग त्याला मोठ्या गाडीचं लायसन मिळालं आणि डोक्यात वारं शिरलं. त्याच सुमारास बंदराकडच्या एका शेटनं योजना काढली होती. नव्या ड्रायव्हरांना तो मोठा ट्रक भाड्यानं द्यायचा. दर महिन्याला भाडं भरत जा, काही वर्षांनी गाडी तुमच्या नावावर. शेट त्यांना ड्रायव्हर म्हणत नसे. 'पार्टनर' म्हणे. असले गोड शब्द फुकट मिळतात, म्हणून लोक ते उधळतात.

या पार्टनरशिपची तऱ्हा ऐका. डिझेल पार्टनरचं, टायर पार्टनरचे, दुरुस्ती पार्टनरची, पोलिसांचा दंड पार्टनरचा. माल मात्र शेट देईल तोच न्यायचा, बाहेरचं भाडं घ्यायचं नाही. माल नसेल तर गाडी उभी, पण भाडं चालू. एक महिना चुकला की गाडी परत, आणि आजवर भरलेलं सगळं पाण्यात. सुरुवातीला अनामत द्यायची, त्यासाठी दिनेशनं टेम्पो विकला. वैशाली रडली, मी शिव्या घातल्या. तो म्हणाला, "ताई, तुला मोठं होणं बघवत नाही." मी त्याला जेवायला वाढलं.

शेटनं समारंभ केला. पार्टनरांना फेटे बांधले आणि प्रत्येकाच्या हातात थर्माकोलची हातभर किल्ली दिली, सोनेरी रंगाची. खऱ्या किल्ल्या दोन होत्या. एक दिनेशला मिळाली, दुसरी शेटनं स्वतःकडे ठेवली. दिनेशनं ती थर्माकोलची किल्ली घरी टीव्हीच्या वर लावली. ट्रकच्या कपाळावर आमच्या आईचं नाव रंगवून घेतलं, 'सुमित्राची पुण्याई'. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नाव बघून आई आठवली आणि त्याच वेळी त्या गाढवाच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

गाऱ्हाण्याला सगळं गाव जमलं. शेट स्वतः आला होता, पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला मोठा टिळा. नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली.

"बारा गावच्या, बारा वेशीच्या, आई म्हाराजा! आज तुज्या दारात ही गाडी उभी हाय."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"गाडी ह्या शेटची हाय."

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे ओरडले. शेटही डोळे मिटून, हात जोडून सगळ्यांबरोबर ओरडला. दिनेशनं मान वर केली.

"चालवायची आमच्या दिनेशनं. डिझेल ह्याचा, टायर ह्याचे, झोप जायची ती पन ह्याची."

"व्हय म्हाराजा!"

"भाडा आदी शेटला, उरला तर ह्याच्या पोरांना."

इथं लोकांच्या लक्षात यायला लागलं. निम्म्यांनी म्हटलं, निम्मे हसू दाबत राहिले. शेटनं डोळे उघडले.

"आनि तरी ह्यो म्हनतो गाडी माजी! तर आई, गाडीची राखन शेट करील. तू ह्या पोराची कर. ह्याची अक्कल ठिकान्यावर आन."

"व्हय म्हाराजा!" यावेळी माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. दिनेश लालबुंद झाला. शेट हसून म्हणाला, "म्हातारे विनोदी आहेत." मी नानांच्या ताटात त्या दुपारी सुरमईची तुकडी जास्त वाढली.

दिनेशनं नानांशी बोलणं टाकलं. नानांना त्याचं काही नव्हतं. दिनेश पहिला माल घेऊन कोल्हापूरकडे निघाला, त्या सकाळी नाना न विचारता केबिनमध्ये चढून बसले. मोठी गाडी घेऊन तो आंबा घाटात पहिल्यांदाच जात होता. येताना घाट कोणत्या गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर कुठं पाय ठेवायचा नाही, वास आला तर कुठं थांबायचं, सगळं सांगत राहिले. दिनेश समोरच बघत गाडी चालवत होता. नंतर त्यानंच मला सांगितलं, की साखरप्याला उतरल्यावर नाना म्हणाले, "गाडी शेटची हाय, मान तुजी हाय. बोलू नको माज्याशी, पन ऐक."

आंब्याचा मोसम बरा गेला. दिनेश खुशीत होता, आम्हाला तुच्छतेनं बघायला लागला होता. मग पावसाळा आला, समुद्र बंद झाला, होड्या किनाऱ्याला लागल्या. मासळी नाही, आंबा नाही, शेटकडे माल नाही. हे सगळं दर वर्षी होतं. कोकणात जन्मलेल्या माणसाला ते ठाऊक असतं, आणि योजनेवर सही करताना एकालाही ते आठवलं नाही. शेटला मात्र आठवत होतं. ट्रक माझ्या खानावळीसमोर उभा राहून भिजत होता. चिपळूणचा एक व्यापारी स्वतःहून भाडं द्यायला आला, ते शेटनं घेऊ दिलं नाही. त्यात क्लच गेला. वैशालीनं गळ्यातलं काढून दिलं, क्लच बसला, पण माल नव्हताच. ट्रक पुन्हा नुसता उभा राहिला आणि त्या महिन्याचं भाडं चुकलं.

गणपती तोंडावर आले असताना शेटचा माणूस आला. हातात दुसरी किल्ली. दिनेश बाकावर नानांच्या शेजारी बसला होता, अनेक महिन्यांनी पहिल्यांदाच. मी बाहेर आले. मला वाटलं, आता म्हातारा टोमणा मारणार, आणि मारला असता तर मी त्यांना त्या दिवशी क्षमा केली नसती. नाना उठले आणि त्या माणसाला म्हणाले, "थांब. पयला तिचा नाव काढतो. ती तुज्या शेटकडं यायची नाय."

गॅरेजमधून त्यांनी थिनर आणि फडका मागवला. स्टूल मी दिलं. दिनेशला त्यांनी हात लावू दिला नाही. 'सुमित्रा' हळूहळू पुसट झाली, पण रंग काही संपेना. त्याच्याखालून दुसरी अक्षरं वर आली. 'जनाबाईचा आशीर्वाद'. नाना थांबले.

"ही कोनाची आय?"

"मागच्या पार्टनरची," तो माणूस म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी आयुष्यात पुष्कळ हलकट माणसं बघितली आहेत. धंदाच तसा आहे, जेवून पळून जाणारेही येतात. पण एका आईच्या नावावर दुसऱ्या आईचं नाव रंगवू देऊन, फेटा बांधून टाळ्या वाजवणारा माणूस मला त्या दिवशी कळला. आता तिसरी आई शोधायला तो मोकळा होता. दिनेश ट्रकला पाठ करून उभा राहिला आणि ढसाढसा रडला.

नानांनी स्टुलावर उभ्या उभ्या हात जोडले. मग पुन्हा फडका भिजवला. "हिला पन सोडवू या," म्हणाले, आणि जनाबाईचं नावही अगदी पत्रा दिसेपर्यंत पुसून काढलं. मग शेटचा माणूस ट्रक घेऊन गेला. वैशालीनं ती थर्माकोलची किल्ली मोडून कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक बुजवलं. तिचा तेवढाच उपयोग झाला.

दिनेश एका चिरेखाणीवर पगारी ड्रायव्हर म्हणून लागला. नानांनीच लावला. संध्याकाळी घरी आला की गाडीचं नाव काढायचा नाही. पुढच्या शिमग्याआधी नाना बाकावर बसल्या बसल्या झोपले ते उठलेच नाहीत. मी ताट वाढून हाक मारायला गेले होते. त्यांच्या पायाशी माझं मांजर बसलं होतं. ते बाक मी अजून हलवलेलं नाही, आणि गाडीच्या बॉनेटला टेकून फोटो काढणाऱ्यांना आता जमिनीवर आणायलाही कुणी नाही.

या वर्षी दिनेशनं टेम्पो घेतला. जुनाच, बँकेचं कर्ज काढून. रंगवलेलं नाव नाही, फेटा नाही. गावदेवीच्या दारात गाऱ्हाण्याला नवा माणूस होता, आवाज छान, शब्द गुळगुळीत. त्यानं नारळ हातात घेतला. "आई म्हाराजा, आज तुज्या लेकरानं सोताच्या हिमतीवर, सोताची गाडी..."

"थांबा," दिनेश म्हणाला.

सगळे बघायला लागले. वैशालीनं त्याचा शर्ट ओढला.

"अर्दी बँकेची हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "पयला ता सांगा."

तो माणूस गोंधळला. मग त्यानं नारळ पुन्हा वर धरला आणि म्हणाला, "आई म्हाराजा, गाडी अर्दी बँकेची हाय."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव ओरडलं. त्या दुपारी मी दिनेशच्या ताटात सुरमईची तुकडी जास्त वाढली.