काळी सुपारी

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. लग्नानंतरचा माझा पहिला गणपती. चौलच्या आमच्या घरी पूजेला मामंजी बसले. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. पत्नीवाचून पूजेला बसायचं तर कमरेला सुपारी लावायची, ती पत्नीच्या जागी. मामंजी दरवर्षी एकच सुपारी कनवटीला लावत आणि पूजा झाली की जपून काढून ठेवत. हे मला सकाळीच नणंदेनं सांगितलं होतं.

आमचे हे मुंबईला नोकरीला. मांडव्याला उतरून आले ते दोन मित्र आणि पत्त्यांचा कोरा जोड घेऊन. दुपारी तीन पत्ती खेळायची ठरली. गणपतीसमोर पैसे लावलेले मामंजींना खपत नसत, तेव्हा पैशांच्या जागी काय ठेवायचं ते मी बघायचं.

मी हुरळलेच. सतरंजी झाडली, पानाचं तबक नि अडकित्ता मांडला, चिंचोके एकाचे, वाडीतल्या सुपाऱ्या पाचाच्या, असे सारखे वाटे केले. मोठ्या डावाला काहीतरी निराळं हवं होतं. माजघराच्या खिडकीत एक सुपारी दिसली, हाताळून काळी गुळगुळीत झालेली. "ही शंभराची!" मी जाहीर केलं. मित्रांनी वाहवा केली. खिडकीखालीच मामंजींचं सोवळं वाळत होतं. शिकलेली म्हणून मिरवणाऱ्या मला तेवढंही दिसू नये!

शेवटचा डाव एका मित्रानं मारला. "जिंकलेली खाऊनच टाकतो," म्हणत त्यानं ती कातरली नि तोंडात टाकली. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

तेवढ्यात मामंजी आत आले. "सूनबाई, खिडकीत माझी सुपारी होती. पाहिलीस का गो?"

त्यांनी अडकित्त्याकडे पाहिलं, त्याला चिकटलेल्या काळ्या भुग्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असू दे. पाहुण्यांना चुना दे, नुसती सुपारी लागते." आणि वाडीत निघून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी टोपलीतली उत्तमातली उत्तम सुपारी निवडून त्यांच्या सोवळ्याशेजारी ठेवली. ती त्यांनी घेतली नाही.

पुढच्या गणपतीला मामंजींनी सोवळं यांच्या हाती दिलं. "आता तुम्ही दोघं बसा," म्हणाले, आणि दुसरा पाट स्वतः मांडला. सासूबाईंच्या पाटावर मी बसले. सबंध पूजा होईस्तोवर मला मान वर करता आली नाही.