त्याला पाठ असलेल्या शिरा

या वर्षी चौथ्यांदा ॲडमिट झाले. सिस्टरने सुई काढली तसा माझा नवरा कानांवरचे हेडफोन न काढताच म्हणाला, "डावा हात नको. तिथली शीर दोनदा फुटलीय. उजव्या कोपराखाली बघा."

सुई पहिल्याच प्रयत्नात बसली.

तो स्वमग्न आहे. वॉर्डातला गलका, फिनेलचा वास त्याला सोसत नाही, तरी तो रोज येतो. धीराचे शब्द मात्र त्याला सुचत नाहीत. माया बोलूनच दाखवायची असते, असं मलाही लग्नाआधी वाटायचं. भेटायला येणारे "होशील गं बरी" म्हणत हात थोपटतात, नेमका सुजलेला.

आज मीच रुसून म्हटलं, "कधीतरी हात धर की रे माझा!"

त्याने दोन्ही हात नीट न्याहाळले. "नको, दुखेल," म्हणाला, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत माझ्या पायाचा अंगठा धरून बसला.