रूपीच्या माहेरचा शामा

उधवा गावच्या ओढ्याकाठी वेळूच्या बेटात शामा गातो. काळं पाखरू, तांबूस पोट, अंगापेक्षा लांब शेपूट. लडक्याची बायको रूपी धरमपूरकडच्या डोंगरातून लग्न होऊन इकडे आली, तेव्हापासून म्हणायची, तुमचा शामा शीळ मध्येच तोडतो. आमच्याकडचा शेवटाला ओढत ओढत खाली आणून ठेवतो. बाया हसायच्या. पाखरांनाही माहेर-सासर असतं का गं, म्हणायच्या.

२०१६च्या उन्हाळ्यात रूपीने खाट धरली. छातीत पाणी होत होतं. डहाणूच्या डॉक्टरने सांगितलं, आता घरीच सांभाळा. जीपचे हादरे तिला सोसवेनात, म्हणजे माहेर राहिलंच. तिने एवढंच मागितलं, तिकडचा शामा एकदा ऐकव.

लडक्या धरमपूरला गेला. जाणतं पाखरू पिंजऱ्यात खात नाही, झुरून मरतं, हे त्याला ठाऊक. म्हणून ढोलीतून पिल्लूच उचललं, जेमतेम डोळे उघडलेलं. बांबूच्या काड्यांचा पिंजरा केला. वारूळ फोडून वाळवी आणायची, बोटाने भरवायची. शेजारचा काकड्या म्हणाला, "लडक्या, घरजावई आणलास की रे." रूपी हसली, खोकला येईस्तोवर हसली.

पाखरू एकटं पडू नये म्हणून लडक्या पिंजरा सकाळ-संध्याकाळ ओढ्यावर नेऊन टांगायचा.

पावसाळाभर ते नुसतं पुटपुटलं. रूपी थांबली. हाडं वर आली तरी थांबली. होळी तोंडावर आली आणि एका सकाळी पाखराने गळा मोकळा केला. लडक्याने खाट दारात ओढली, पाठीशी गोधडी देऊन तिला बसवलं.

शीळ वर चढली आणि मध्येच तुटली. थेट ओढ्यावरच्या शामासारखी.

लडक्या खालीच बसला. "मीच नेला ना त्याला तिथं."

"त्याने बाप ऐकलाच कधी?" रूपी म्हणाली. "कानावर पडलं ते गातो." मग बराच वेळ ऐकत राहिली. "माझं बोलणं तरी तिकडं कुठं कळतं रे आता."

होळी पेटायच्या आत ती गेली.

दिवस-कार्य उरकून लडक्या पिंजरा घेऊन धरमपूरचा डोंगर चढला. पिल्लू उचललं होतं त्याच झाडाखाली दार उघडलं. पाखरू फांदीवर बसलं, गायलं, मध्येच तोडलं. दरीतून दुसऱ्याची शीळ आली, ओढत ओढत खाली येणारी. पाखरू गप्प झालं.

लडक्या ऊन उतरेपर्यंत बसला. ते पुन्हा गायलं नाही. निघताना त्याने पिंजरा तिथेच ठेवला, दार उघडं, आत मूठभर वाळवी.