हॉलच्या भिंतीवरचा पहिला थर

कुठल्याही भिंतीपाशी गेली की मावशी आधी बोटं वळवून तिच्यावर टकटक करायची आणि कान लावायची. मग ती भिंत चहाच्या टपरीमागची असो की दवाखान्यातली. एकदा बँकेत रांगेत उभी असताना तिनं मॅनेजरच्या खोलीची भिंत वाजवली आणि "आतनं पोकळ हाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगून टाकलं. मॅनेजर तावातावानं बाहेर आला. हे भिंतीबद्दल बोलणं होतं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांना गप्प बसा म्हटलं की आवाज चढतो. मावशी त्यातली.

कळंब्याला बंगल्यांचं काम चालू होतं. मी डिप्लोमा करून नुकताच सुपरवायझर झालो होतो आणि बांधकामातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. सगळी साइट जिला मावशी म्हणायची, ती तिथं घमेली वाहायची. बारा वर्षं तिनं तेच केलं होतं. गिलावा करणारा पुरुष आणि माल कालवून वर पोचवणारी बाई, ही वाटणी आमच्या धंद्यात कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडलेलीही मी पाहिली नव्हती.

घमेलं रिकामं होऊन खाली येईपर्यंत मावशी मिस्त्रीचं मनगट बघत उभी राहायची. घरी जाऊन तिनं स्वतःच्या न्हाणीच्या भिंतीवर उरलासुरला माल मारून बघितला. मनासारखा बसला नाही म्हणून उतरवला, परत मारला. असं चार वेळा. तेवढे दिवस नवरा शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होता, हे ती फार खुशीत सांगायची.

माझ्या पुस्तकात सिमेंट किती आणि वाळू किती ते होतं, मनगट नव्हतं. ते मला मावशीनं सांगितलं. विटांना आदल्या दिवशी पोटभर पाणी पाजायचं. पहिला थर चोपडायचा नाही, थापीनं फेकून मारायचा. "चोपडलं की आत वारं ऱ्हातंय सायेब. हाणलं की धरतंय." आणि तो ओला असतानाच त्यावर रेघा ओढायच्या, म्हणजे वरच्या थराला पकड मिळते.

त्या वर्षी खंडेनवमीला साइटवर हत्यारं पुजायला मांडली होती. मावशीनं पिशवीतून कोरी थापी काढली आणि त्या रांगेत ठेवली. पूजेला आमचा मिस्त्री बसला होता. घराण्यानं गवंडी, कामात वाकबगार, आणि मान ताठ. त्यानं ती थापी बाजूला सारली. मावशीनं परत रांगेत ठेवली. पुन्हा बाजूला, पुन्हा रांगेत. नारळ फोडायचा खोळंबला.

"बाईच्या हातातलं घमेलं पुजता," मावशी म्हणाली. "मग थापीनं काय घोडं मारलंय?"

शेवटी थापीला कुंकू लागलं. मिस्त्री मात्र त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनासा झाला.

पुढच्याच आठवड्यात आजऱ्याकडचे दोघं गवंडी भातकापणीला गावी गेले. मिस्त्री बाहेरच्या भिंतींवर अडकला होता आणि एका बंगल्याच्या हॉलची मोठी भिंत तशीच राहिली होती. मी मावशीला म्हटलं, तुम्ही मारा, पण कुणाला सांगू नका. हे म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तिनं एक दिवस नुसतं पाणी मारलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला थर पुरा केला. पुढं रोज कामावर आली की आधी त्या भिंतीला पाणी, मग बाकीचं.

आठवड्याभरानं कंत्राटदार घरमालकाला घेऊन आला. घरमालकानं भिंतीवरून हात फिरवला. काम सुरेख झालंय म्हणाला, कुणी केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, मिस्त्रींनी. मावशी घमेलं घेऊन दारातच उभी होती.

"न्हाय," ती म्हणाली. "म्या केलंय. सायबास्नी ठावं हाय."

घरमालकानं हात काढून घेतला. मघाशी सुरेख असलेली भिंत त्याला आता फुगलेली दिसायला लागली. उद्या तडे गेले तर, म्हणाला. कंत्राटदारानं जागेवर हुकूम सोडला, हे सगळं काढा आणि मिस्त्रीकडून नवीन मारून घ्या. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो.

मावशीनं घमेलं खाली ठेवलं. "काढा की. पर आदी वाजवून बघा. एक जागा पोकळ निघाली तर मी सोता काढतो, आन् परत थापीला हात लावत न्हाय."

बारा वर्षं बघून बघून शिकलेलं सगळं तिनं त्या एका भिंतीवर पणाला लावलं. आणि वाजवायला बोलावलं कुणाला, तर मिस्त्रीला. त्यानं हातोडीच्या दांड्यानं कोपऱ्यापासून सुरुवात केली. वीत वीत अंतरावर ठोका. खिडकीच्या कडा, स्लॅबखालचा पट्टा, काही सोडलं नाही. तो खोट शोधतोय हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. बऱ्याच वेळानं तो स्टुलावरून उतरला. मालकाकडे नाही, माझ्याकडेही नाही, तो मावशीकडे बघून बोलला.

"धरलंय भिंतीनं."

मग कंत्राटदारानं मधला मार्ग काढला. थर राहू दे, पुढचं कामही मावशीच करू दे, फक्त बाहेर कुणी विचारलं तर नाव मिस्त्रीचं सांगायचं. मावशीनं थापी धुतली, पुसली, पिशवीत टाकली. वरचा थर तुमचा तुम्हीच मारा म्हणाली आणि फाटकातून निघून गेली. मी तिच्या मागं जायला हवं होतं. नोकरीचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मी भित्रा होतो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

दोन वर्षांनी कळलं, की ती गारगोटीच्या रस्त्याला स्वतः कामं घेते. माफी मागायची असं ठरवून मुद्दाम गेलो. नव्या घराच्या मधल्या खोलीत ती फळीवर उभी होती. खाली एक मिशाळ बाप्या भरलेलं घमेलं घेऊन तिच्या हाकेची वाट बघत होता. मी म्हटलं, मावशी, जरा खाली या, बोलायचंय.

तिनं वळून बघितलं. ओळखलं.

"थांबा सायेब. अर्दी भित सोडून मी कुनासाटी बी खाली उतरत न्हाय."

आणि तिनं थापीभर माल भिंतीवर हाणला. मी थांबलो. भिंत बरीच बाकी होती.